एप्रनची घडी

साठच्या दशकात, मुंबईत एक्स-रेचं काम शिकून मी महाडला एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात नोकरीला लागले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी येत होतं, पण बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे.

माझ्या खोलीत शिशाचा एकच एप्रन होता. तो आडव्या दांडीवर सरळ टांगायचा असतो. घडी घातली की आतलं शिसं तडकतं. झाडलोट करणाऱ्या मावशींना मी हे सांगितलंही होतं. पण पसरलेलं कापड त्यांना बघवत नसे. एका सोमवारी आले तर एप्रन चौघडी घालून कपाटात ठेवलेला.

"गोधडीसारखा लोंबत होता," मावशी म्हणाल्या. "नीट ठेवला, तर बाईंचं तोंड उतरलं!"

मी एप्रन टेबलावर पसरला आणि त्याचाच एक्स-रे काढला. फिल्मवर बरोबर पोटाच्या उंचीवर एक काळी रेघ आली, म्हणजे तिथून किरण आरपार जाणार होते. डॉक्टरांनी मुंबईहून नवा मागवला. तो यायचा होता.

त्याच आठवड्यात पोलादपूरकडच्या एका वाडीतून एक म्हातारी, तिची सून आणि चार वर्षांचा नातू आले. करवंदं काढताना पोर दरडीवरून घसरलं होतं. कोपर सुजलेलं, हात लावू देत नव्हतं. कुणीतरी धरल्याशिवाय फोटो निघणार नव्हता. रोजच्या रोज किरणांत काम करणाऱ्याने पेशंट धरायचा नाही, हा नियम मला शिकवलेला होता. धरणाऱ्यासाठी मी एप्रन काढला, तशी सून पुढे झाली आणि तिने त्यासाठी हात पुढे केला.

मला विचारणं भाग होतं. मनात जुळवलेलं वाक्य तसंच बाहेर पडलं, "तुम्ही गरोदर आहात का?"

 म्हातारी माझ्याकडे वळली.

"काय इचारतेस गो? नवरा मुंबयला आसतो तिचा."

"हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, आजी."

"सगल्यांना? मंग मला बी इचार की!"

सुनेने मान खाली घातली. "नाय," ती म्हणाली. पण पुढे केलेला हात तिने मागे घेतला होता.

मी एप्रन म्हातारीच्या खांद्यावर चढवला. "आजी, तुम्हीच धरा. तुमची पकड घट्ट आहे."

"आनि आई काय पाव्हनी आली काय?" ओझ्याने ती वाकली. "आगं, माजी हाडं दिसतील काय त्यात? बघ तरी, सुनंनं किती मोडल्यान ती!"

सून पदरात हसली आणि बाहेर गेली. मी शिशाच्या पडद्यामागे उभी राहून बटण दाबलं. म्हातारीने पोराला असं धरलं होतं की फोटो पहिल्याच वेळी नीट आला.

हाड मोडलं होतं. डॉक्टर आत प्लास्टर घालत होते, म्हातारी पोराजवळ होती. मी ओली फिल्म वाळत घालायला ओसरीवर आले. सून खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाय, हाय."

मी फिल्म तारेला अडकवली आणि तिच्याजवळ गेले.

"शिमग्याला आलते ते. मी घरात कुनाला बोलले नाय. गनपतीला येतील, तवा पयलं त्यांना सांगीन म्हनलं." मग घाईने, "माज्या पोटात काय गेलं नाय ना?"

"नाही. तुम्ही बाहेर होतात. भिंत जाड आहे." आणि मग, मी न जुळवताच, "आता परत कुठे फोटो काढायची वेळ आली तर आधी सांगायचं. सासू समोर असली तरी."

तिने मान हलवली. मग विचारलं, "तुमचं कोन हाय हितं?"

"कोणी नाही."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच मोकळा झाला.

आतून म्हातारीची हाक आली. पोराला खांद्यावर टाकून त्या दोघी एसटी स्टँडकडे गेल्या.

रात्री खानावळीत वाढणाऱ्या काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "काय, आज काय विशेष?"

सांगण्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी होतं. मी ताट पुढे ओढलं.

"काही नाही," मी म्हणाले.