पंचाक्षरी दादाचा डेमो

माझ्या पंचाक्षरी दादानं ऐन पस्तिशीत बियाण्याच्या कंपनीची चांगली नोकरी सोडली, तेव्हा मी त्याला तोंडावर म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं!" गणितात एमेस्सी करून हा इतकी वर्षं कंधार-हिमायतनगरच्या दुकानदारांना बियाणं विकत फिरला, आन् आता म्हणे मास्तर व्हायचंय. वहिनी तर आठवडाभर त्याच्याशी बोलली न्हाई.

शेवटी मी लातुरात ज्या क्लासच्या ऑफिसात आहे, तिथं शब्द टाकून त्याचा डेमो लावला. डेमो म्हणजे भरल्या वर्गात शिकवून दाखवायचं. मग आमचे मालक मृत्युंजय सर कोणत्याही एका पोराला फळ्यावर बोलावणार. त्याला गणित आलं तर नोकरी, न्हाई तर चालू लागा. बाकी क्लासवाल्यांनी दादाचं वय बघूनच नकार दिला होता. मी दाराशी उभी राहून बघत होते.

दादानं गणितातली लिमिट शिकवायला घेतली. आवाज खणखणीत, अक्षर झकास, पण घाई किती! दर ओळीला "कळलं ना?" आन् वर्ग एका सुरात, "हो सर!" दुकानदारानं मान डोलावली की माल खपला, ही ह्याची जुनी सवय. अरे बाबा, आमची पोरं सरांना कधीच नाही म्हणत न्हाईत! मी दारातून 'हळू घे' म्हणून हातवारे करत राहिले, पण ह्याचं लक्ष फळ्याकडं.

मृत्युंजय सरांनी बिलोलीच्या देविकाला उठवलं. पोरीनं खडू घेतला, एक ओळ लिहिली आन् थांबली. मान खाली.

"बास. झालं तुमचं," सर दादाला म्हणाले.

मला रडू कोसळायचं बाकी होतं. दादा मात्र जागचा हलला न्हाई.

"सर, चूक तिची न्हाई, माझी हाय. पाच मिनिटं द्या." आन् देविकाकडं वळून, "कुठं अडलं, बाळा?"

ती पुटपुटली, "वर-खाली एक्स वजा दोन हाय, ते काटलं. पण एक्स दोन असला तर ते शून्यच की. शून्यानं भागायचं कसं?"

म्हणजे पहिल्याच ओळीला गाडी अडलेली! दादानं अख्खा फळा पुसला. "एक्स दोनच्या जवळ जातो, दोन होत न्हाई. वेशीपर्यंत येतो, गावात शिरत न्हाई. मग शून्य कुठलं?"

देविकानं गणित सोडवलं. वर्ग लगेच ओरडला, "समजलं सर!"

"असं न्हाई," दादा म्हणाला. "कुणाला न्हाई समजलं, ते बोला."

गप बसा रे सगळे, मी मनात हात जोडले. मालकासमोर कुणी तोंड उघडलं तर नोकरी गेलीच की!

मागच्या बाकावरची पुनम उठली. "मला न्हाई समजलं, सर." मग तिच्या शेजारची. मग आणखी दोघं.

मृत्युंजय सर उठून थेट माझ्याकडं आले. मी भिंतीला टेकले.

"माझ्या क्लासात आजपर्यंत असं कुणी बोललं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "तनुजा, बाहेर डेमोला आणखी दोघं बसलेत ना? त्यांना चहा पाज आन् घरी पाठव."