टबातले मासे

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘झरेबाई’ म्हणत. ओढ्यातले बोटभर मासे पकडायचे, पराचा तिळाएवढा तुकडा कापून त्यांना परत सोडायचं आणि त्या तुकड्यातून त्यांचं कूळ शोधायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच.

त्या वर्षी डोंगराअलीकडचा ओढा आटला. शेवटच्या डबक्यात चाळीसेक मासे उरले.

“पलीकडच्या ओढ्यात सोड,” विभागाचे मोठे सर म्हणाले. “तोच तर मासा.”

“दिसायला तोच, सर. पण डोंगर आडवा आल्यापासून लाखो वर्षं यांची गाठ पडलेली नाही. एकदा मिसळले की दोन्ही कुळं बुडाली.”

“आणि मेले तर कूळ काय चाटायचंय?”

ती बधली नाही. विभागातल्या टाक्या दुरुस्तीला काढलेल्या, म्हणून सरांची नाराजी पत्करून तिने मासे घरच्या बाथटबमध्ये ठेवले.

“आता आंघोळीला यांची परवानगी काढू का?” वडील कुरकुरले, पण हवेच्या पंपाची नळी घट्ट बसवली त्यांनीच.

दोनच दिवसांनी भर दुपारी वीज गेली. पंपाची गुरगुर थांबली. बघता बघता मासे वर आले, तोंडं वासून. सगळ्या भागाची वीज गेली होती. कधी येईल, कोणी सांगेना. तिने सरांना फोन लावला.

“हट्ट सोड. बादलीत भर आणि पलीकडे सोडून ये. निदान जगतील तरी!”

तिने गाडीची किल्ली उचलली, बादली टबात बुडवली. तेवढ्यात एक मासा उताणा झाला. हात थांबला. भरलेली बादली तिने उंच धरली आणि तशीच टबात ओतली. पाणी फेसाळलं, त्यात हवा मिसळली. दोनचार मासे तिकडे वळले.

“बाबा, दुसरी बादली आणा!”

वडिलांचा एक खांदा कधीचाच निकामी होता. ते स्टुलावर बसले आणि दुसऱ्या हाताने भांड्यातून पाणी ओतू लागले. भरायचं, ओतायचं, भरायचं. दंड भरून आले. मेलेला मासा बाजूला काढताना दर वेळी तिला वाटे, सरांचंच खरं असलं तर?

“बाबा, चुकले असेन मी.”

“चुकलो असू. पण हात थांबवू नकोस.”

दिवेलागणीला वीज आली. पंप गुरगुरला, तशी ती ओल्या फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. अकरा मासे गेले होते.

ओढा पुन्हा वाहता झाल्यावर उरलेले तिने तिथेच सोडले. वर्षभराने पिल्लं सापडली. कूळ तेच निघालं, पण त्यातलं वैविध्य आधीपेक्षा कमी. गेलेल्यांबरोबर काही कायमचं गेलं होतं. त्या दुपारवरून तिचं आणि सरांचं अजूनही वाजतं.