रंगवलेली साडी

येरमाळ्यात हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, दशक्रिया असो नाहीतर निवडणूक, लोक आमच्याकडं येतात. अलीकडं फौजेतून रिटायर होऊन येणाऱ्यांचे फ्लेक्स फार. फाट्यावर उघडी जीप, डीजे आणि मागं भलामोठा फ्लेक्स. घरच्यांकडं वर्दीतला धड फोटो बहुधा नसतो. मग कॉम्प्युटरमधल्या तयार वर्दीवर आम्ही चेहरा बसवून देतो. ती छाती मुळात कुणाची, मला माहीत नाही. आमच्या भागातले बरेच जवान तिच्यावरच उभे आहेत आणि आजवर एकाही घरानं कुरकुर केलेली नाही.

यंदा चैत्राची यात्रा उरकली आणि शेजारच्या एका गावच्या शाळेनं काम दिलं. गावातल्या सगळ्या फौजींचे फोटो शाळेच्या भिंतीवर लावायचे होते. उद्घाटन महाराष्ट्र दिनाला. मुख्याध्यापकांनी फोटो पाठवले, सगळे पुरुषांचे. पाठोपाठ साठी उलटलेली एक बाई पिशवीत फ्रेम घेऊन दुकानात आली.

"म्याबी फौजेत हुते," ती म्हणाली. "मास्तरला सांगितलं तर म्हणतो, वर्दीतला फोटो आणा, लावतो."

मिलिटरीच्या दवाखान्यात ती नर्स होती. मेजर म्हणून रिटायर झाली. गाव तिला नर्सबाई म्हणतं, आणि ती जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये होती असंच निम्म्या गावाला वाटतं. ती परत आली तेव्हा फाट्यावर जीप नव्हती. एसटीतून उतरली आणि भावाच्या घरी गेली.

मी फ्रेम पाहिली. काळापांढरा फोटो, विशीतली मुलगी, अंगावर काठाची साडी.

"आत्या, ह्यात तर तुम्ही साडीत आहात."

"साडी तुझ्या वडलांनी रंगवलीय. खाली माझी वर्दी हाय."

फ्रेम उलटून बघितली. मागं आमच्या जुन्या स्टुडिओचा शिक्का होता. वडील गेल्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांचा ब्रश मी कुठंही ओळखेन. लग्नाळू मुलीचा फोटो बेताचा असला की ते त्यावर दागिने काढायचे, साडी नेसवायचे. काठ मात्र त्यांना एकच यायचा, कुयऱ्यांचा. त्या काळात आमच्या भागातल्या कितीतरी मुली त्या एकाच साडीत पसंत पडल्या.

हिची गोष्ट तशीच होती. नोकरी नवी, सुट्टीवर आलेली, बरोबर हा एकच फोटो. तिच्या वडलांनी स्थळ बघून ठेवलेलं. तेव्हा फौजेतल्या नर्सनं लग्न केलं की नोकरी जायची. नोकरी जाणारच आहे तर नर्सच्या झग्यातला फोटो पाहुण्यांना कशाला दाखवायचा, असा त्यांचा हिशेब. तिचे वडील हा फोटो घेऊन आमच्या स्टुडिओत आले. नोकरीतले पुढचे फोटो तिनं भावाकडं पेटीत ठेवले होते. पत्रा गळला आणि त्यांचा लगदा झाला. हा तेवढा भिंतीवर होता म्हणून वाचला.

मला धंद्याची सवय. मी म्हटलं, "आत्या, चेहरा ह्यातला घेतो, खाली बाईची वर्दी बसवतो. तासाभराचं काम." एक तयार चित्र दाखवलंही. हातात बंदूक होती.

ती चांगलीच तडकली. "कुणाच्या धडावर माझं मुंडकं लावतोस रं? म्या बंदूक धरली न्हाय. हाय ती वर्दी दाव."

फोटो उजेडात तिरका धरला. बोटाला रंगाची कड लागत होती, म्हणजे साडी थेट मूळ फोटोवरच रंगवली होती. पोस्टर कलर ओल्या कापसानं निघतो. पण कागद जुना. साडीतला फोटो मी स्कॅन करून ठेवू शकत होतो. खालच्या वर्दीचा कसा ठेवणार? कागदाचा पापुद्रा सुटला असता तर ती कायमची गेली असती. हे सगळं तिला नीट सांगितलं.

"आत्ता तरी कुठं दिसतीया?" ती म्हणाली. "पूस."

पदरापासून सुरुवात केली. कापूस मळत गेला. मला वडलांचा राग येत होता आणि त्यांच्या सफाईचं कौतुकही वाटत होतं. कुयऱ्या गेल्या, पांढरा झगा दिसला, कमरेचा पट्टा दिसला. मग खांद्यावर दोन तारे निघाले. ती काउंटरवर वाकली.

"लेफ्टनंट," ती म्हणाली. मला नाही, फोटोतल्या मुलीला.

कपाळावरची टिकली मात्र हलेना. वडलांनी ती शाईनं लावली होती आणि शाई कागदात मुरली होती. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर काढून टाकतो.

"नगो. आता ह्यात कुणी काय घालायचं न्हाय, आन् काय काढायचंबी न्हाय."

महाराष्ट्र दिनाला मी शाळेत गेलो, बिल घ्यायचं होतं. भिंतीवर ओळीनं जवान, एकाच छातीचे, आणि शेवटी ही. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यानं फोटोकडं निरखून बघितलं आणि भाषणात आवाज चढवला, "आपल्या गावच्या ह्या लेकीनं देशासाठी कपाळावर गोळी झेलली!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मुख्याध्यापकही वाजवत होते.

ती खुर्चीतून उठली. सावकाश पुढं जाऊन तिनं माईक मागून घेतला.

"ती गोळी न्हाय," ती म्हणाली. "टिकली हाय, शाईची. पाव्हण्यांना फोटो दावायचा म्हणून लावली हुती. लगीन केलं असतं तर नोकरी जात हुती, म्हणून म्या लगीन केलं न्हाय. गोळ्या लागलेली पोरं येगळी. त्यांच्या जखमा म्या धुतल्या, त्यातली काही माझ्या हातावर गेली. त्यांच्या टाळ्या मला नगो."