माय झोपली की गाडी पास

जुनी गाडी इतकी छान ठेवली म्हणून लोक माझं कौतुक करतात आणि आजवर मी ते मुकाट्याने घेत आलो. खरं तर ते मेहरूण तळ्याजवळच्या आमच्या मेकॅनिकचं आहे.

बोलताना तो बॉनेटवर बोटांनी ठेका धरतो. काम झालं की म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर बसवून तळ्याला फेरी मारतो. म्हणतो, "मायले झोप लागनी, म्हणजे गाडी पास."

यंदा पणतीच्या बारशाला पुण्याला जायचं होतं. मुलगा म्हणाला, "आबा, हा डबा धुळ्यापर्यंत तरी जाईल का? भाड्याची गाडी करू." मला माझ्याच गाडीने जायचं होतं. मी त्याला गॅरेजवर नेलं. तिथे मायसमोरही त्याने तेच धुळ्याचं विचारलं.

मेकॅनिकने त्याला पुढे बसवलं, मला मागे मायशेजारी. माय ताठ बसून बाहेर बघत होती. माझा जीव टांगणीला. अर्धं तळंही झालं नसेल, तिचं डोकं खिडकीला टेकलं आणि ती घोरू लागली.

गॅरेजपाशी गाडी थांबली तशी ती दचकून उठली. "धुळं उनं का रे?"

"आलं, आलं धुळं!" म्हणत मुलगा पोट धरून हसला. मग भाड्याच्या गाडीवाल्याला फोन करून त्याने नको म्हणून कळवलं.