पेराची टकटक

सुलभाकाकूंच्या उकडीच्या मोदकांची वेबसाइट मी केली. ती कशी चालते ते पाहायला एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि काकूंची बोटं उकडीने माखलेली. तेवढ्यात ऑर्डर आली. काकूंनी बोट दुमडलं आणि दारावर करतात तशी पेराने स्क्रीनवर टकटक केली. ‘स्वीकारा’च्या शेजारचं ‘नाकारा’ दाबलं गेलं.

"गेले एकवीस मोदक!" काकू म्हणाल्या. "तुझी बटणं फार नाजूक आहेत गं बाई."

नाजूकच होती, आणि मला त्यांचा केवढा अभिमान होता! घरी एकटीने, कोरड्या हातांनी, मोठ्या स्क्रीनसमोर बसून मी ती केली होती. इतकी वर्षं लोकांच्या बोटांसाठी वेबसाइटची पानं करतेय, पण त्या बोटांना काय काय लागलेलं असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. कुणाच्या बोटांना माती असेल, कुणाच्या ग्रीस, कुणाच्या बोटांना बाळाला भरवलेला मऊ भात.

ओट्यावरच लॅपटॉप उघडला. ‘स्वीकारा’ चांगलं ऐसपैस केलं, ‘नाकारा’ पार खाली ढकललं. काकूंनी गिऱ्हाइकाला फोन करून ऑर्डर पुन्हा टाकायला लावली. पुन्हा टकटक.

"लागलं गं!" काकू ओरडल्या, आणि मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

हल्ली कुठलंही पान पाठवण्याआधी मी कणकेत हात घालून येते आणि पेराने टकटक करून बघते. फोनच्या काचेला पीठ लागतं. लागू दे.