हिरव्या रंगाखालची बंदूक

मी तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होतो. रविवारी चाळीच्या ओट्यावर बसून लोकांची शिवणयंत्रं, कुलपं, स्टोव्ह दुरुस्त करून द्यायचो. फाळणीला तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एका रविवारी एक सिंधी गृहस्थ आले. पन्नाशीचे. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये बराकीत राहायचे आणि पापड विकायचे. त्यांनी गोधडीत गुंडाळलेली छऱ्यांची बंदूक माझ्यापुढे ठेवली. दस्त्यापासून नळीपर्यंत कुणीतरी तिला हिरवा ऑइलपेंट फासला होता. रंग उडाला होता तिथे गंज चढला होता.

"मिस्त्री, ही माझ्या मोठ्या भावाची आहे का, एवढं बघून सांगा," ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले.

बायकोला यांच्याबरोबर पुढे पाठवून, घराला कुलूप लावून मागच्या गाडीने येतो, असं सांगून भाऊ मागे राहिला होता. तो आलाच नाही. खजुरावरचे पोपट उडवायला त्याच्याकडे अशीच बंदूक होती. ही त्यांना कॅम्पातल्या भंगारात दिसली. ती कुणी आणून टाकली, हे भंगारवाल्याला आठवत नव्हतं. बंदूक इकडे आली म्हणजे भाऊही आला असणार, कुठल्यातरी दुसऱ्या कॅम्पात असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"काही खूण?" मी विचारलं.

"जर्मनीची होती. आणि दस्ता मानेजवळ तुटला होता. सुताराने तांब्याची पट्टी घालून जोडला होता."

ते गेल्यावर मी रॉकेलचा बोळा घेऊन नळीच्या मुळाशी घासत बसलो. तासाभरात इंग्रजी अक्षरं उघडी पडली. बर्मिंगहॅम. बंदूक जर्मनीची नव्हतीच.

पुढच्या रविवारी सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. पण ते हसतच आले. मधल्या दिवसांत पिंपरीच्या कॅम्पात जाऊन चौकशी करून आले होते. "भाभीने काल पांढरी टाकून रंगीत ओढणी घेतली," म्हणाले, "इतक्या वर्षांनी." माझी जीभ रेटेना. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "दस्त्याचा रंग निघाल्याशिवाय काही सांगता यायचं नाही."

आणि दस्ता सोडून मी बाकी सगळं करत राहिलो. आतली स्प्रिंग तुटली होती, तिच्या मापाची दुसरी शोधली. दट्ट्यावरचं चामडं वाळून कडक झालं होतं. मोरिवलीतल्या चपला शिवणाऱ्याकडून नवं कापून घेतलं, तेलात भिजवून बसवलं. इतकं मन लावून मी कारखान्यातही काम केलं नसेल. दर रविवारी ते ओट्यावर येऊन बसायचे आणि भावाच्या गोष्टी सांगायचे. मी मान खाली घालून घासत राहायचो.

सहाव्या रविवारी दस्त्याशिवाय काहीच उरलं नाही. त्यांच्यासमोरच रंग खरवडला. अक्रोडाचं लाकूड, अखंड. त्यांनी दस्त्याच्या मानेवरून दोनतीनदा अंगठा फिरवला.

"जोड कुठे आहे?"

"नाही. ही त्यांची नाही."

"तुम्हाला आत्ता समजलं?"

हो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पहिल्याच रविवारी."

त्यांनी आवाज चढवला नाही. "पाच हफ्ते, मिस्त्री. भाभीला मी आता काय सांगू?" एवढं बोलून उठले. बंदूक तशीच राहिली.

आठवडाभर वाट पाहून मीच ती घेऊन कॅम्पात गेलो. बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून खोल्या केल्या होत्या. एक बाई पापड लाटत होती. तिच्या डोक्यावर गुलाबी ओढणी होती. तिने हात पुसले आणि बंदूक दोन्ही हातांनी घेतली.

"त्यांचीच आहे ना?" तिने हिंदीत विचारलं.

तिच्या मागे ते उभे होते. त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, तिला दिसणार नाहीत असे, छातीशी धरून.

"बंदूक आता नीट चालते," मी म्हणालो.

तिने तोच होकार धरला. मी चहाला न थांबता निघालो आणि स्टेशनापर्यंत चालत आलो. पुढे तिला कुणी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला कळलं नाही. विचारायला मी गेलोही नाही.