दाखल्यातला व्हर्बोस

'व्हर्बोस' हा शब्द ऐकला की आजही माझं टाळकं सरकतं. हसू नका. या एका इंग्रजी विशेषणानं माझी लोंढ्याची नोकरी खाल्ली आहे.

मॅट्रिक होऊन मी बेळगावात मोकळा हिंडत होतो. तेवढ्यात लोंढा जंक्शनवर तारबाबूची जागा निघाली. इंग्रजी चांगलं असल्याचा दाखला हवा होता, म्हणून मी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडं गेलो. रोज फळ्यावर एक विशेषण लिहून आमच्याकडून वाक्यं करून घेणारे हेच ते मास्तर. त्यांनी टाक बुडवला, मान तिरकी केली आणि झोकात लिहिलं, 'ही इज अ व्हर्बोस यंग मॅन.' माझी छाती फुगली. त्यांनीच वर्गात अर्थ सांगितला होता : शब्दबहुल, म्हणजे ज्याच्यापाशी शब्दांचं भांडार आहे तो.

लोंढ्याचा तारमास्तर गोव्याकडचा. त्यानं दाखला दोनदा वाचला आणि खुर्चीसकट मागं कलून हसला.

"बाबा, दोन शब्दांच्या जागी वीस बोलतो तो व्हर्बोस. असला माणूस तारेवर बसवू? मंगळवारपर्यंत दुसरा दाखला आण, नाहीतर जागा गेली."

बेळगाव येईपर्यंत मी दात खात होतो. स्टेशनातून तडक मास्तरांचं घर गाठलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"मास्तर, काय लिहिलंसा हे? व्हर्बोस म्हंजे वटवट्या!"

"कुणी सांगितलं रं? कोशात शब्दबहुल दिलंय."

"बहुल म्हंजे नको इतकं! भाषण व्हर्बोस, अर्ज व्हर्बोस, कशालाबी लावा, तक्रारच व्हते ती! कौतुक करायचं तर इलोक्वंट म्हणतात. व्हर्बोस ही शिवी हाय, शिवी!"

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण मी कोश काढला, कोश छापणाऱ्याचा बाप काढला, मास्तरांनी शिकवलेली सगळी विशेषणं एकेक करून ओसरीवर आपटली. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"संपलं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय!" म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी त्यांनी दाखला मागून घेतला. मला वाटलं, आता खोडतील. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"लिहिताना मला अर्थ ठाऊक न्हवता. आता तू नीट समजावून दिलास. आणि अर्धा तास तुझं ऐकून सांगतो, शब्द बरोबर हाय. खोटा दाखला मी देत न्हाय."

माफी मागितली असती तर कदाचित खोडलाही असता त्यांनी. पण माझं डोकं भडकलेलं. मी पायऱ्या उतरलो, मंगळवारी लोंढ्याला गेलोच नाही. ती जागा कुणाला मिळाली, हे आजतागायत मी कुणाला विचारलेलं नाही.